विश्लेषण : मुद्दाम हरल्याने संघ सुधारतो का?

अमेरिकेतील ‘एनबीए’ या बास्केटबॉल लीगच्या २०२४-२५ हंगामात सर्वाधिक सामने हरला तो युटा जॅझ. ८२ पैकी ६५ पराभव. अशा तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा नंबर मिळावा, ही तिथली व्यवस्था. पण १२ मे २०२५ रोजी शिकागोत सोडत निघाली आणि युटाच्या वाट्याला पाचवा नंबर आला. पहिला नंबर गेला डॅलस मॅव्हरिक्सकडे. तो मिळण्याची त्यांची शक्यता होती अवघी १.८ टक्के. हंगामभर हरून युटाने नेमके काय मिळवले, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आला. गहुंजे आणि बालेवाडी या पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या दोन मैदानांवरही याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग पाहायला मिळाला आहे. तिथले संघही तळाला गेले होते. पण हरल्याबद्दल त्यांना काहीच मिळण्याची सोय नव्हती.

हरण्यात फायदा आला कुठून?

‘एनबीए’मध्ये नवे खेळाडू लिलावातून येत नाहीत. महाविद्यालयांतून आणि परदेशातून आलेल्या तरुणांची दरवर्षी एक यादी होते आणि संघ ठरलेल्या क्रमाने त्यातून एकेक खेळाडू निवडतात. यालाच ‘ड्राफ्ट’ म्हणतात. दुबळ्या संघाला आधी निवड करू दिली तर काही वर्षांत सगळे संघ साधारण तुल्यबळ होतील, हा त्यामागचा विचार. विचार चांगला, पण त्यातून एक उलटे गणित तयार होते. हंगाम अर्धा सरला आणि बाद फेरीची आशा संपली, की उरलेला प्रत्येक विजय संघाला पुढच्या वर्षीच्या चांगल्या खेळाडूपासून दूर नेतो. मग व्यवस्थापन हरण्याची तजवीज करू लागते. अमेरिकेत त्याला ‘टँकिंग’ म्हणतात.

चाकणच्या शॉपफ्लोअरवर काम केलेल्या कोणालाही ही गोष्ट नवी वाटणार नाही. यंदा टार्गेटच्या पुढे उत्पादन काढून दाखवले, तर पुढच्या करारात तोच आकडा नवे टार्गेट म्हणून समोर येईल, ही धास्ती तिथे असतेच. म्हणून हात थोडा आखडता घेतला जातो. कोणी आळशी असते म्हणून नव्हे, तर नियमच तसा असतो म्हणून.

मैदानात खरोखर कोण मुद्दाम हरते?

खेळाडू सहसा हरत नाहीत. त्यांचा पुढचा करार त्यांच्या आकड्यांवर ठरतो आणि ड्राफ्टमधून येणारा नवा मुलगा कदाचित त्यांचीच जागा घेणार असतो. त्यांनी मुद्दाम हरावे असे काही कारणच नाही. ‘टँकिंग’ होते ते कार्यालयात. चांगला खेळाडू विकला जातो, किरकोळ दुखापतीसाठी प्रमुख खेळाडूला ‘विश्रांती’ दिली जाते, शेवटच्या दहा मिनिटांत अननुभवी पोरांना उतरवले जाते. मैदानावरचे पाचही जण जीव तोडून खेळतात आणि संघ तरीही हरतो.

म्हणूनच हे सिद्ध करणे अवघड असते आणि लीगच्या हाती बहुधा दंडच उरतो. मार्च २०२५ मध्ये लॉरी मार्कनेन या प्रमुख खेळाडूला बाहेर बसवल्याबद्दल युटाला एक लाख डॉलरचा दंड झाला. डॅलसचे प्रकरण त्याहून मासलेवाईक आहे. २०१८ मध्ये संघाचे मालक मार्क क्युबन यांनी ‘आता हरणेच आपल्या फायद्याचे’ असे खेळाडूंना सांगितल्याचे जाहीरपणे बोलून दाखवले आणि सहा लाख डॉलर भरले. एप्रिल २०२३ मध्ये तर बाद फेरीची संधी तांत्रिकदृष्ट्या शिल्लक असताना डॅलसने शिकागोविरुद्ध कायरी आयर्विंगसह अनेक प्रमुख खेळाडूंना बसवले आणि लुका डॉन्चिचला पहिल्या सत्रानंतर बाहेर काढले. कारण साधे होते. त्यांचा निवडीचा नंबर पहिल्या दहात राहिला तरच तो त्यांच्याकडे टिकणार होता, नाहीतर जुन्या व्यवहारापोटी न्यूयॉर्कला जाणार होता. दंड झाला साडेसात लाख डॉलर. नंबर दहावाच आला, त्याच्या अदलाबदलीतून डेरेक लाइव्हली हा उंचपुरा तरुण मिळाला आणि पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, डॅलस अंतिम फेरीत खेळला. साडेसात लाख डॉलरमध्ये हा सौदा स्वस्तच म्हणायचा. (भारतीय वाचकांना डॅलसची आणखी एक ओळख आहे. पंजाबच्या सतनामसिंगला २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडणारा संघ हाच.)

सोडतीचे गणित काय सांगते?

हरण्याचा मोह कमी व्हावा म्हणून ‘एनबीए’ने नियम अनेकदा बदलले. १९८४ पर्यंत दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होत असे. म्हणजे तळाला गेले, की पहिला किंवा दुसरा नंबर पक्का. त्या वर्षी ह्यूस्टन रॉकेट्सने हंगामाच्या अखेरीस सामन्यांमागून सामने गमावले, एका सामन्यात तर ३८ वर्षांच्या एल्विन हेजला अखेरपर्यंत मैदानात ठेवले, आणि नाणेफेक जिंकून अकीम ओलाजुवान हा खेळाडू मिळवला. त्यावरून एवढा गदारोळ झाला, की १९८५ पासून सोडत आली. आधी बाद फेरीबाहेरच्या सर्व संघांना समान संधी, मग १९९० पासून तळाच्या संघाला जास्त संधी, आणि २०१९ पासून पुन्हा ती कमी.

आजची सोडत म्हाडाच्या सोडतीइतकीच रोखून पाहिली जाते, मात्र तिची रचना वेगळी आहे. यंत्रात १ ते १४ क्रमांकांचे चेंडू असतात आणि त्यातून चार निघतात. चार चेंडूंच्या एकूण जोडण्या होतात १,००१. त्यातली एक बाद करतात आणि उरलेल्या हजार संघांमध्ये वाटतात. तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४०, म्हणजे १४ टक्के. पुढे ही संख्या उतरत जाते. सोडतीतून फक्त पहिले चार नंबर ठरतात, बाकीचे गुणतक्त्याच्या उलट्या क्रमाने लागतात.

याचा अर्थ असा, की शेवटून तिसरा आणि शेवटून पहिला यांच्यात पहिल्या नंबरपुरता काहीच फरक राहिलेला नाही. सर्वांत शेवटच्या संघाला मिळते ती एकच हमी : पाचव्याच्या खाली घसरण होणार नाही. आणि नेमका पाचवाच नंबर मिळण्याची त्याची शक्यता ४७.९ टक्के, म्हणजे जवळपास निम्मी असते.

प्रत्यक्षात काय झाले? नवा नियम आल्यापासून २०१९ ते २०२५ या सात सोडतींमध्ये सर्वाधिक सामने हरलेल्या संघाला पहिला नंबर एकदाही मिळाला नाही. सलग शेवटच्या तिन्ही वेळा तो पाचव्या नंबरवर फेकला गेला. यात कट वगैरे शोधण्याचे कारण नाही. १४ टक्क्यांची संधी सात वेळा हुकण्याची शक्यता साधारण ३५ टक्के असते, म्हणजे तीनातून एकदा हे व्हायचेच. त्यातल्या दोन वेळा मार खाल्ला तो डेट्रॉइट पिस्टन्सने. २०२३-२४ मध्ये ते ८२ पैकी ६८ सामने हरले, त्यात सलग २८ पराभव, आणि तरीही नंबर पाचवा. त्याच २०२४ च्या सोडतीत पहिला नंबर ३ टक्के संधी असलेल्या अटलांटाला लागला.

फिलाडेल्फियाच्या प्रयोगाचे काय झाले?

‘टँकिंग’ कोणी लपूनछपून करतो, कोणी धोरण म्हणून. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचे व्यवस्थापक सॅम हिंकी यांनी २०१३ पासून ते धोरण म्हणूनच राबवले. चांगले खेळाडू विकायचे, बदल्यात भविष्यातील निवडीचे हक्क घ्यायचे आणि तोवर हरत राहायचे. सलग तीन हंगामांत विजय किती? १९, १८ आणि १०. चाहत्यांनी या साऱ्याला ‘प्रोसेस’ असे नाव दिले. एप्रिल २०१६ मध्ये हिंकी यांनी मालकांना १३ पानी पत्र लिहून राजीनामा दिला.

या प्रयोगातून जोएल एम्बीड हा खेळाडू मिळाला, २०१४ मध्ये तिसऱ्या नंबरवर. २०२३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण २०१५ मध्ये तिसऱ्या नंबरवर घेतलेला जलील ओकाफर फार काळ टिकला नाही, २०१६ चा पहिला नंबर बेन सिमन्स चमकून विझला आणि २०१७ चा पहिला नंबर मार्केल फुल्ट्झ खांद्याच्या त्रासाने अडकला. एम्बीडच्या काळात फिलाडेल्फिया बहुतेक वर्षी बाद फेरीत दिसू लागला, मात्र दुसऱ्या फेरीच्या पुढे एकदाही गेला नाही. तिकीट काढून तीन वर्षे पराभव पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा मोबदला पुरेसा वाटला का, हे त्यालाच विचारावे लागेल. सर्वोत्तम खेळाडू मिळाला हे खरे, पण एवढे हरूनही निवडीतला निम्मा डाव वाया गेला, हेही खरे.

मग कोणालाच फायदा झाला नाही का?

झाला, आणि मोठा झाला. म्हणूनच मोह सुटत नाही. सॅन अँटोनियो स्पर्स १९९६-९७ मध्ये, प्रमुख खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी असताना, ६२ सामने हरले. सोडतीत पहिला नंबर लागला आणि टिम डंकन मिळाला. त्याच्यासोबत त्यांनी पाच विजेतेपदे जिंकली. पण त्याच वर्षी बोस्टन सेल्टिक्स ६७ सामने हरले होते, डंकनवर त्यांचाही डोळा होता आणि हाती लागले तिसरा आणि सहावा नंबर. सॅन अँटोनियोची कहाणी सगळे सांगतात, बोस्टनची क्वचितच कोणी आठवतो.

बास्केटबॉलमध्ये हा मोह जास्त का, याचे कारण खेळातच आहे. मैदानात एका बाजूला पाचच खेळाडू. एक असामान्य खेळाडू सामन्याचा बराचसा वेळ मैदानात राहतो आणि चेंडू बहुतेक वेळा त्याच्याच हातात असतो. अकरा जणांच्या क्रिकेटमध्ये सर्वोत्तम गोलंदाजही टी-ट्वेन्टीत चारच षटके टाकतो. शिवाय ‘एनबीए’त नवोदिताचा पगार पहिली चार वर्षे ठरलेल्या दराने असतो. ‘कोहिनूर’ मिळाला तर तो स्वस्तात मिळतो.

तरीही अलीकडचे विजेते पाहिले तर चित्र सरळ नाही. डेन्व्हरला २०२३ मध्ये विजेतेपद मिळवून देणारा निकोला योकिच ४१ व्या नंबरवर निवडला गेला होता. मिलवॉकीचा यानिस अँटेटोकुन्पो १५ व्या. ओक्लाहोमा सिटीने २०२५ चे विजेतेपद जिंकले. दोन हंगाम ते भरपूर हरले होते आणि त्यातून २०२२ मध्ये दुसऱ्या नंबरवर चेट होल्मग्रेन आला. पण त्यांचा खरा हुकमी एक्का शे गिलजस-अलेक्झांडर हा २०१९ मध्ये एका व्यवहारातून आलेला, आणि जेलन विल्यम्स हा त्याच व्यवहारात मिळालेल्या दुसऱ्या संघाच्या नंबरवर घेतलेला. म्हणजे हरण्यापेक्षा पारख आणि सौदा जास्त उपयोगी पडले.

आयपीएलमध्ये कोणी असे का करत नाही?

कारण तिथे हरल्याचे बक्षीसच नाही. लिलावात पहिल्याला आणि शेवटच्याला समान रकमेची मर्यादा असते. २०२५ च्या हंगामापूर्वीच्या मोठ्या लिलावात ती प्रत्येकी १२० कोटी रुपये होती. खेळाडूचे नाव पुकारले की जो जास्त बोली लावेल त्याचा तो.

पुणे वॉरियर्सचे उदाहरण घ्या. सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून हा संघ घेतला. २०१२ पासून गहुंजेचे नवे स्टेडियम त्यांचे घर झाले. तीन हंगामांत ४६ सामने, विजय १२. दहापैकी नववा, नऊपैकी नववा आणि नऊपैकी आठवा, असा क्रम. अमेरिकेत एवढ्या पराभवांवर संघाला तीन वर्षांत तीन उत्तम तरुण मिळाले असते. इथे काही मिळाले नाही आणि २०१३ मध्ये संघच गेला.

मात्र याच मैदानाच्या दुसऱ्या संघाने भारतातला एक दुर्मीळ ‘ड्राफ्ट’ अनुभवला. चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर दोन वर्षांची बंदी आल्यावर पुणे आणि राजकोट असे दोन तात्पुरते संघ उभे राहिले. १५ डिसेंबर २०१५ रोजी निलंबित संघांचे खेळाडू या दोघांनी आळीपाळीने निवडले. पहिला मान पुण्याला मिळाला. तो हरून मिळालेला नव्हता, तर मंडळाकडे उणे १६ कोटींची, म्हणजे राजकोटपेक्षा मंडळाला जास्त फायद्याची बोली लावून मिळवलेला होता. पुण्याने पहिल्याच निवडीत महेंद्रसिंग धोनी घेतला, पाठोपाठ अजिंक्य रहाणे, आर. अश्विन, स्टीव्ह स्मिथ आणि फाफ डू प्लेसी.

कागदावर यापेक्षा चांगला ड्राफ्ट क्वचितच साधला असेल. तरी २०१६ मध्ये पुणे आठ संघांत सातवे. (दुष्काळामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशाने घरचे सामनेही मध्येच विशाखापट्टणमला न्यावे लागले, हे खरे.) पुढच्या वर्षी सातव्या क्रमांकाबद्दल कोणतीही सवलत नव्हती. संघाने लिलावात बेन स्टोक्ससाठी १४.५ कोटी मोजले, पण ३० लाखांत जयदेव उनाडकट आणि १० लाखांत महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठीही घेतला. उनाडकटने २४ बळी टिपले, त्रिपाठीने ३९१ धावा केल्या आणि २१ मे २०१७ च्या अंतिम सामन्यात पुणे मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरले. तळातून वर येण्यासाठी त्यांना हरावे लागले नाही. दहा लाखांचा खेळाडू ओळखता आला, एवढे पुरले.

बालेवाडीत काय वेगळे घडले?

पुणेरी पलटणची सुरुवात वॉरियर्ससारखीच झाली. प्रो कबड्डीच्या २०१४ आणि २०१५ च्या हंगामांत संघ आठपैकी आठवा. तिसऱ्या हंगामात मनजीत छिल्लरच्या नेतृत्वाखाली तो थेट तिसरा आला. पुढे पलटणने नवोदितांवर भर दिला. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे तरुण खेळाडूंच्या गटातून संघात आले, रुळले आणि टिकवले गेले. जोडीला लिलावात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २.३५ कोटींना घेतला. १ मार्च २०२४ रोजी इनामदारच्या पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिले विजेतेपद मिळवले. एवढ्यासाठी दहा हंगाम लागले, पण कुठेही हरण्याची योजना आखावी लागली नाही.

कबड्डीच्या गुणपद्धतीतही एक शहाणपण होते. अनेक हंगाम विजयाला पाच गुण होतेच, पण सात किंवा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्यालाही एक गुण मिळत असे. त्यामुळे सामना गेला तरी शेवटच्या चढाईपर्यंत झुंजावे लागे. अमेरिकेत हरलेल्याला पुढच्या वर्षीचे बक्षीस, इथे नेटाने हरलेल्याला आजचा एक गुण. दोन्ही पद्धती दुबळ्याच्याच बाजूच्या, पण वागणूक अगदी उलटी घडवणाऱ्या.

नियमातली चूक किती महागात पडते?

लंडन ऑलिम्पिक २०१२ मधील महिला दुहेरी बॅडमिंटन आठवा. गटात दुसरे आले तर पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळणार होता. परिणामी चीन, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियाच्या मिळून चार जोड्यांनी सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात मारली आणि चारही जोड्या बाद ठरल्या. भारताच्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा याच स्पर्धेत गुणांच्या निसटत्या फरकाने बाहेर पडल्या. जपानच्या जोडीने तैवानविरुद्ध जीव लावून खेळ केला नाही, ही भारताची तक्रार फेटाळली गेली. मुद्दाम हरण्याची किंमत तिसऱ्यालाच कशी मोजावी लागू शकते, याचे हे आपल्या घरचे उदाहरण.

पुण्यात हरणे पत्करल्याचा एक जुना किस्साही आहे, पण वेगळ्या जातीचा. डिसेंबर १९४८ मध्ये रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते, ब्रॅडमनच्या ४५२ पासून नऊ धावा मागे. विश्रांतीच्या वेळेत काठियावाडने सामना सोडून दिला. त्यात पुढच्या वर्षीचा हिशेब नव्हता, आपल्या गोलंदाजीवर विक्रम नको एवढीच धास्ती होती. निंबाळकरांच्या नऊ धावा मात्र राहिल्या त्या राहिल्याच.

भारतीय लीगमध्ये ड्राफ्ट वाढला तर?

तो आलेलाच आहे. बालेवाडीत ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये झालेल्या ‘अल्टिमेट खो-खो’च्या पहिल्या हंगामात सहा संघांनी खेळाडू लिलावातून नव्हे, तर ड्राफ्टमधून घेतले. मानधन श्रेणीनुसार आधीच ठरलेले होते. पैसेवाल्या मालकाने सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत, यासाठी ही पद्धत बरी. अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा एका गुणाने जिंकला, म्हणजे संघ तुल्यबळ होते असे म्हणायला जागा आहे.

पण ड्राफ्टमध्ये निवडीचा क्रम कशावरून ठरतो, हाच कळीचा मुद्दा असतो. तो गेल्या हंगामाच्या गुणतक्त्याला जोडला, की शेवटच्या आठवड्यातले सामने संशयास्पद होऊ लागतात. चिठ्ठ्या टाकून ठरवला, तर दुबळा संघ वर्षानुवर्षे दुबळाच राहण्याचा धोका. ‘एनबीए’ गेली चाळीस वर्षे या दोन टोकांमध्ये हेलकावे खात आहे आणि २०१९ चा बदल हा चिठ्ठ्यांच्या दिशेने टाकलेले पाऊल होता. डॅलसला २०२५ मध्ये लागलेली १.८ टक्क्यांची लॉटरी हा त्याचाच परिणाम. त्या नंबरवर त्यांनी कूपर फ्लॅग हा त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला तरुण घेतला. युटाने पाचव्या नंबरवर एस बेलीला निवडले.